सांगायचं कुणी?

नाशिककरांना तीन प्रश्न पुरतात. पहिला : आडनाव काय? दुसरा : मूळ गाव कुठलं? तिसरा : मग अमक्यांचे तुम्ही कोण? बस्स! तीन प्रश्नांत समोरच्याची अख्खी कुंडली टेबलावर. पंचवटी एक्स्प्रेसनं कल्याण गाठायच्या आत शेजारच्या सीटवरच्या काकूंना तुमचा पगार, तुमचं रखडलेलं लग्न आणि आजोबांनी द्राक्षबाग का विकली, हे सगळं कळलेलं असतं. शहर वाढलं, गंगापूर रोडला टॉवर आले, कॉलेज रोडला कॅफे आले, सवय मात्र तीच. आणि खरं सांगू? मला ती आवडते. कुणाला एकटं पडू देत नाही हे गाव.

पण काही जण असे आहेत, ज्यांना याच तीन प्रश्नांनी घाम फुटतो.

विषय निघाला तो आमच्या कँटीनमध्ये. कुणीतरी उशिरानं का होईना, 'ताली' ही गौरी सावंतांच्या आयुष्यावरची २०२३ ची वेबसीरिज बघून संपवली होती. चहा यायच्या आत टेबलाचे दोन तट पडले. एक तट म्हणाला, ''असंच पाहिजे! जे आहे ते बिनधास्त सांगायचं. लपवायचं कशाला? लपवलं की फसवणूक आलीच.'' दुसरा तट म्हणाला, ''अरे, पण जगाला सांगत फिरायची काय गरज? ज्याचं त्याचं आयुष्य.'' वीस मिनिटं जोरदार जुंपली. गंमत म्हणजे त्या टेबलावर कुणालाच आपल्याबद्दल काही सांगायचं नव्हतं किंवा लपवायचं नव्हतं. दुसऱ्याच्या गुपितावर आपण किती उदारपणे मतं देतो ना?

मग मी ठरवलं, या आठवड्यात हाच विषय.

सांगितलं, म्हणून झालं

आधी पहिल्या तटाची बाजू. ती कच्ची मुळीच नाही.

ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी नावानिशी, चेहऱ्यानिशी समोर आल्या. टीव्हीवर आल्या, परदेशात बोलल्या, मराठीत आत्मचरित्र दिलं. १५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं 'नाल्सा' खटल्यात तृतीयपंथीयांना स्वतःचं लिंग स्वतः ठरवायचा हक्क मान्य केला, त्या खटल्यातही त्या होत्या. गौरी सावंत २०१७ मध्ये एका जाहिरातीत आई म्हणून दिसल्या आणि अख्ख्या देशाचे डोळे पाणावले. २०१९ मध्ये निवडणूक आयोगानं त्यांना राज्यात सदिच्छादूत केलं. कवयित्री आणि कार्यकर्त्या दिशा पिंकी शेख तर आपल्याच जिल्ह्यातल्या, येवल्याच्या.

आणखी शेजारचं उदाहरण घ्या. जळगाव तालुक्यातलं भादली बुद्रुक. अंजली पाटील यांनी ग्रामपंचायतीला महिलांच्या जागेवर अर्ज भरला, तो फेटाळला गेला. त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या, जानेवारी २०२१ मध्ये जिंकल्या, आणि मग निवडणूकही जिंकल्या! पोलीस भरतीच्या अर्जात 'स्त्री' आणि 'पुरुष' असे दोनच रकाने होते. आर्या पुजारी आणि निकिता मुख्यदल यांनी त्याविरुद्ध दाद मागितली. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सरकारला नियम करायला लावले.

यातलं काहीही गुपचूप झालं नसतं. याचिकेवर कुणाचं तरी नाव लागतं. 'अनामिक' नावानं कुणी सरपंच होत नाही. म्हणजे आज जो कुणी चार भिंतींत शांतपणे जगतोय, त्याच्यासाठी कायद्याची भिंत बांधली ती उघडपणे जगणाऱ्यांनी. हे ऋण मोठं आहे आणि ते मान्य करायलाच हवं.

तरीपण एक हिशेब इथे चुकतो. चार जण धाडसी निघाले, म्हणून धाडस सगळ्यांना सक्तीचं होत नाही. सैनिकाला आपण सलाम करतो, पण म्हणून प्रत्येकाला सीमेवर पाठवत नाही.

न विचारता उघडं पडणं

बीड जिल्ह्यातल्या पोलीस दलातले ललित साळवे आठवतात? २०१७ मध्ये त्यांनी लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी खात्याकडे रजा मागितली. साधा रजेचा अर्ज! तेव्हा ते महिला कॉन्स्टेबल म्हणून नोकरीत होते, त्यामुळे खात्यानं नकार दिला. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, मॅटकडे गेलं, मंत्रालयात गेलं. मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमध्ये शस्त्रक्रिया झाली. २०२० मध्ये लग्न झालं, २०२४ च्या जानेवारीत मुलगा झाला. गोड शेवट, टाळ्या!

पण मधलं बघा ना. आपण अपेंडिक्ससाठी रजा टाकली, तर टीम लीडर फार तर 'गेट वेल सून' म्हणतो. या माणसाच्या रजेच्या अर्जाची बातमी झाली, आणि त्याच्या शरीरातल्या गुणसूत्रांची चर्चा महाराष्ट्रानं नाश्त्याला केली. उघडपणे जगायचं की खासगीपणे, हा प्रश्न त्यांच्यापुढे कधी आलाच नाही. नोकरी टिकवायची, तर सगळं सांगणं भागच होतं. (त्यांचं आधीचं नाव सगळीकडे छापून आलंय. इथे मी ते लिहीत नाही. का, ते पुढे कळेल.)

जगात हे आधीही घडलंय. एप्रिल अ‍ॅशली ही लंडनमधली यशस्वी मॉडेल. १९६१ मध्ये एका ब्रिटिश वृत्तपत्रानं तिचा भूतकाळ छापला आणि तिचं काम एका झटक्यात बंद पडलं. त्या काळात अमेरिकेतले डॉक्टर आपल्या ट्रान्सजेंडर पेशंटना सरळ सल्ला द्यायचे : गाव बदला, नोकरी बदला, नवं बालपण रचून पाठ करा. म्हणजे उपचारांसोबत प्रिस्क्रिप्शनवर खोटंही लिहून मिळायचं! पुढे ब्रिटननंच २००४ मध्ये कायदा केला. लिंगबदलाचं प्रमाणपत्र घेतलेल्या व्यक्तीचा इतिहास अधिकारपदामुळे कुणाला कळला आणि त्यानं तो परस्पर फोडला, तर तो गुन्हा. एप्रिल अ‍ॅशलीनंतर त्रेचाळीस वर्षांनी.

पडलो की पडले?

आता माझ्या मित्राबद्दल. त्याला विचारून आणि हा मजकूर त्याला दाखवून लिहितेय. तो कुठल्या शहरात राहतो, काय काम करतो, ते सांगणार नाही. नाशिकमध्येच असेल असं समजू नका, नसेलच असंही समजू नका. बाकीचे तपशीलही मुद्दाम थोडे इकडचे तिकडे केलेत.

ट्रान्सजेंडर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? द्वारका सर्कलचा सिग्नल, साडी, टाळी. इस्त्रीचा शर्ट, लॅपटॉपची बॅग, थोडीशी दाढी आणि ईएमआयवर घेतलेली बाईक असलेला मुलगा येतो का? नाही येत. तो जन्मला तेव्हा सगळ्यांनी 'मुलगी झाली' म्हणून पेढे... सॉरी, बर्फी वाटली. आज तो मुलगा म्हणून जगतो, आणि ऑफिसात कुणालाही कणभर शंका नाही.

तो मला म्हणाला होता, ''अगं, इंग्रजीत बरं असतं. 'आय फेल डाउन' म्हणून मोकळं होता येतं. मराठीत लहानपणीची साधी गोष्ट सांगायची तर पहिल्याच वाक्यात ठरवावं लागतं, मी झाडावरून पडलो की पडले?''

मी दोन दिवस त्या वाक्याचा विचार करत होते. आपली भाषा किती गोड, पण क्रियापदागणिक ओळखपत्र मागते! गेलो-गेले, आलो-आले, जेवलो-जेवले. तो 'पडलो'च म्हणतो, कारण त्याच्या मनात तेव्हाही तो पडलाच होता. पण आई फोनवर अजून ''जेवलीस का?'' विचारते. प्रेमानं विचारते. आणि तो फोनचा आवाज पटकन कमी करतो, कारण शेजारच्या डेस्कवर माणूस बसलेला असतो.

आपल्याला न दिसणाऱ्या या कसरती त्याच्या रोजच्याच. शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो नाही. 'थ्रोबॅक' फोटो टाकायची टूम आली की त्याला नेमकं काम निघतं. मामेबहिणीच्या लग्नाला गेला नाही, कारण ऑफिसातल्या एकाचं तेच गाव. एकदा कँटीनमध्ये कुणीतरी तृतीयपंथीयांवरचा जोक मारला. सगळे हसले, तोही हसला. ''दुसरं काय करणार होतो? त्या दिवशी घरी गेल्यावर जेवण गेलं नाही,'' एवढंच तो बोलला.

मग सांगून का टाकत नाहीस? हे मी विचारलं, तेव्हा त्यानं आधीच्या नोकरीची गोष्ट सांगितली. तिथे कागदपत्रं तपासताना एचआरमधल्या कुणाच्या तरी हाती त्याची दहावीची मार्कशीट पडली. जुनं नाव. तो फोटो एका ग्रुपवर गेला, मग दुसऱ्या. कुणी शिवी दिली नाही, कुणी काढून टाकलं नाही. फक्त सगळे त्याच्याकडे बघायला लागले. हाताकडे, गळ्याकडे, चालण्याकडे. वॉशरूमला गेला की आतले गप्प व्हायचे. पंधरा दिवसांत त्यानं राजीनामा दिला. ''तोपर्यंत मी एक्सेलमधला मास्टर होतो गं. त्यानंतर मी फक्त 'तो' प्रकार झालो.''

खासगीपणा म्हणजे काय, ते मला या वाक्यात समजलं. तो लपत नाहीये. त्याला फक्त आपली ओळख त्या एकाच गोष्टीपुरती व्हायला नकोय.

कागद बोलके असतात

तुम्ही म्हणाल, मग कागद बदलून घ्यायचे. घेतो ना! पण नाव बदलायची आपली रीत काय? राजपत्रात जाहिरात. जुनं नाव अमुक, नवं नाव तमुक, छापून, सगळ्यांसाठी खुलं. म्हणजे नवं नाव मिळवायला आधी जुन्या नावाची दवंडी पिटायची. त्यानंतर आधार, पॅन, बँक, पीएफ, डिग्री, दहावी-बारावी. एक जरी कागद जुन्या नावाचा राहिला की बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवाला फोन फिरवतोच : ''हे दोघं एकच का?''

कायद्यानं यावर विचार केलाच नाही, असं नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तृतीयपंथीयांच्या हक्कांचा कायदा २०१९ मध्ये आला. त्याखालच्या २०२० च्या नियमांत प्रत्येक आस्थापनेला समान संधीचं धोरण जाहीर करायला सांगितलं होतं, आणि त्या धोरणात काय काय असावं याच्या यादीत एक ओळ होती : कर्मचाऱ्याच्या लिंगओळखीची गोपनीयता. सहा वर्षांपूर्वीची ओळ! तुमच्या कंपनीचं हे धोरण तुम्ही बघितलंय? पॉश कमिटीचं पोस्टर पँट्रीत लागलेलं असतं. याचं?

आणि 'सांगून टाका' म्हणणाऱ्यांसाठी एक ताजी गोष्ट. जेन कौशिक नावाच्या शिक्षिकेला गुजरातमधल्या एका शाळेनं नोकरीचं पत्र दिलं. त्या ट्रान्सजेंडर आहेत हे कळलं आणि शाळेनं रुजू करून घेतलं नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना भरपाई देवविली आणि देशभरासाठी धोरण ठरवायला समिती नेमली. छानच झालं. पण घरभाडं दर महिन्याला भरावं लागतं, निकाल काही वर्षांनी लागतो. प्रत्येकाच्या अंगात दिल्लीपर्यंत लढायचं बळ असेलच, असं नाही.

कुणाला किती?

मग कँटीनमधला तो 'फसवणूक' शब्द? त्याला उत्तर द्यायलाच हवं, कारण तो शब्द वजनदार आहे.

माझा हिशेब सोपा आहे. जो माणूस माझ्या निर्णयावर आपलं आयुष्य लावतोय, त्याला माहीत असायला हवं. डॉक्टरला हवं, कारण औषधं चुकतील. जिच्याशी किंवा ज्याच्याशी लग्न करायचं, त्या व्यक्तीला हवं, आणि लग्नाच्या आधी हवं. इथे माझ्या मनात जराही शंका नाही. बॉसला? कशाला? घरमालकाला? त्याला भाडं हवं. शेजारच्या डेस्कवाल्याला? त्याला स्टेपलर हवा. आपण सगळेच माणूस बघून किती सांगायचं ते ठरवतो. कुणाचा घटस्फोट, कुणाच्या वडिलांची दारू, कुणाच्या डिप्रेशनच्या गोळ्या. हे सांगितलं नाही म्हणून आपण कुणाला फसवलेलं नसतं. मग हाच नियम याला का नाही?

आपल्या पांडवलेण्यांशी पांडवांचा काही संबंध नाही, ती बौद्ध लेणी. पण नाव तोंडात बसलंय, म्हणून महाभारत आठवतं. पांडवांना बारा वर्षं वनवास आणि एक वर्ष अज्ञातवास. त्या एका वर्षात अर्जुन बृहन्नडा होऊन विराटाच्या घरी नाच शिकवत होता. त्याला कुणी खोटारडा म्हणत नाही. उघडा पडला असता तर काय गमवावं लागलं असतं, ते आपल्याला माहीत आहे ना! पुन्हा तेच सगळं पहिल्यापासून, पुन्हा बारा वर्षं. पण अर्जुनाच्या अज्ञातवासाला मुदत होती. वर्ष संपलं, शमीवरची शस्त्रं काढली, हा मी अर्जुन. माझ्या मित्राच्या अज्ञातवासाची मुदत ठरवणारा कुणी दुसराच आहे. तो त्या कँटीनमध्ये बसलाय. जोक मारतोय, किंवा त्यावर हसतोय.

म्हणून उघड की खासगी, हा वाद मला आता तितकासा पटत नाही. दोन्ही बरोबर आहेत, फक्त निवड त्या माणसाची हवी. सांगणारा सांगेल, तेव्हा ऐका. न सांगणाऱ्याला खोदू नका. जुनं नाव कळलं तर विसरा. जुना फोटो आला तर पुढे पाठवू नका. ''फक्त तुलाच सांगते हं'' असं म्हणून तर मुळीच सांगू नका. आणि एचआरमध्ये असाल, तर ती मार्कशीट वेगळ्या फोल्डरमध्ये, पासवर्डमागे ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे. त्या दोन मिनिटांत कुणाची तरी नोकरी वाचते.

मित्राचं सध्या काय चाललंय? तो लग्न करतोय. मुलीला सगळं माहीत आहे, पहिल्या महिन्यापासून. तिच्या आईवडिलांना नाही. आणि आता आपल्या पद्धतीप्रमाणे 'मुलाची चौकशी' होणार. काका त्याच्या गावी जाणार, पारावर बसणार, आडनाव सांगून विचारणार, अमक्यांचा मुलगा कसा आहे हो? आणि पारावरचं कुणीतरी म्हणणार, त्यांना तर मुलगीच होती.

काका निघायच्या आत आपण स्वतः जाऊन त्यांच्यासमोर बसायचं, असं दोघांनी ठरवत आणलंय. पक्कं नाही. कधी तो मागे सरकतो, कधी ती. त्यानं मला विचारलं, ''सांगू का?'' मी म्हटलं, ''तुम्ही दोघं ठरवा. पण त्यांना कळायचं असेल, तर ते तुझ्या तोंडून कळू दे.''

हा अंक तुमच्या हातात पडेल तोवर तो जाऊन आला असेल, किंवा नसेल. मी विचारणार नाही. त्याला वाटलं तर तो सांगेल.